निकालाला राखणदार हवा

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक प्यायले, हे आपल्याला पाठ आहे. त्याच तळ्यावरून पुढे सव्वानऊ वर्षे चाललेला दिवाणी दावा मात्र क्वचितच कुणी सांगते. मला तो सत्याग्रहाइतकाच मोलाचा वाटतो, म्हणून जरा तपशिलात जातो.

ऑगस्ट 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. 1924 मध्ये सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केले. म्हणजे कागदोपत्री हक्क मिळून गेला होता. पण तळ्याच्या काठावर सवर्णांची घरे, आणि त्या घरांच्या देखत घागर बुडवायची कुणाची छाती नव्हती. ती कोंडी 1927 च्या मार्चमध्ये फुटली. लगेच मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधक कोर्टात गेले. तळे खासगी आहे असा दावा लावून त्यांनी 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला.

25 डिसेंबरला महाडात जमलेले हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने आले होते. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. लोक गावातून मिरवत गेले, तळ्याला वळसा घालून आले आणि पाण्याला हात न लावता परतले. जमलेल्या माणसांना ते किती जड गेले असेल! माझ्या समजुतीने या संयमामागे साधा हिशेब होता: आज हुकूम मोडला तर भांडण सरकारशी होईल, हुकूम पाळून दावा लढवला तर वहिवाटीचा प्रश्न कायमचा निकाली काढता येईल. दावा महाडला चालला, ठाण्याला चालला आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयात गेला. 17 मार्च 1937 रोजी न्या. ब्रूमफिल्ड आणि न्या. वाडिया यांनी निर्णय दिला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, हे वादींना सिद्ध करता आलेले नाही, असे त्यांनी ठरवले. पहिल्या दिवसापासून मोजले तर दहा वर्षांना तीन दिवस कमी.

कौन्सिलाचा ठराव पायांवाचून पांगळा होता. पायांनी मिळवलेला हक्क दाव्याच्या निकालापर्यंत वादात होता. आणि तो दावा उभा राहायलाही आधी कुणीतरी तळ्यापर्यंत चालत जावे लागले. कायदा, न्यायालय आणि चळवळ यांत श्रेष्ठ कोण, हा वाद मला म्हणूनच फोल वाटतो. माझे म्हणणे निराळे आहे. निकालानंतर जी राखण करावी लागते, ती आपण सोडून दिली आहे आणि आपले बरेचसे हक्क तिथेच गळतात.

आणीबाणीनंतर सर्वोच्च न्यायालयाने जनहित याचिकेची दारे उघडली. 1979 मध्ये हुसैनआरा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे सडणाऱ्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न ऐकला गेला. पुढे साध्या पत्राचीही याचिका होऊ लागली. ही देणगी फार मोठी, तिला मी कमी लेखत नाही. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे म्हणणाऱ्या समाजात गरिबाला कोर्ट आपले वाटू लागले, हे काही थोडे नव्हे. पण तिच्यासोबत एक सवय आली. लढा म्हणजे याचिका, आणि जिंकणे म्हणजे निकाल. दिल्लीत पाच-सहा वकील झटतात, निकालाच्या दिवशी गुलाल उधळला जातो आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुढच्या याचिकेकडे वळतात. निकाल तालुक्याच्या पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचला का, हे पाहायला मागे कुणी उरत नाही.

न पोहोचलेल्या निकालाचे काय होते, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66अ कलमावरून बघा. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना पोलिसांनी अटक केली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या होत्या. देशभर संताप उसळला. श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. कुणाला ‘त्रास’ वा ‘गैरसोय’ होईल असा मजकूर लिहिला म्हणून तीन वर्षे तुरुंग, इतकी सैल भाषा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या देशात चालणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. भारतीय नागरी स्वातंत्र्याच्या इतिहासातले हे एक सोनेरी पान.

पण रद्द झालेल्या त्या कलमाखाली गुन्हे नोंदवणे चालूच राहिले. फेब्रुवारी 2019 मध्ये न्यायालयाने निकालाच्या प्रती राज्यांच्या मुख्य सचिवांपर्यंत आणि पोलीस प्रमुखांपर्यंत पोहोचवायला सांगितले. तरीही 2021 मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना आकडे घेऊन न्यायालयात उभी राहिली: 11 राज्यांतल्या जिल्हा न्यायालयांत या मेलेल्या कलमाखालचे 745 खटले अजून जिवंत होते. खंडपीठाने हे धक्कादायक असल्याचे म्हटले. असे कसे झाले, याचा खुलासा देशाच्या महान्यायवादींनी केला. कायद्याच्या छापील पुस्तकात 66अ कलम जसेच्या तसे आहे, ते रद्द झाल्याची नोंद पानाच्या तळटीपेत आहे.

हा खुलासा वाचून मी बराच वेळ त्या तळटीपेचाच विचार करत होतो. रात्री ठाण्यात गावचा पुढारी तक्रार घेऊन ठाण मांडतो. समोर अंमलदार. टेबलावर जुने पुस्तक, त्यात ठळक टाइपात कलम आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत खंडपीठाच्या साऱ्या श्रमांचे सार. अंमलदार कलम वाचतो, तळटीप वाचत नाही. ज्याला पकडून आणले त्या पोरालाही ती ठाऊक नसते. तो गांगरून माफीनामा लिहून देतो, किंवा रिमांडला जातो, किंवा पुढची काही वर्षे तारखांना हजर राहतो. त्याच्यापुरता तो निकाल लागलाच नव्हता. अखेर 12 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आदेश दिला, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये. पहिल्या निकालाला तोवर सात वर्षे उलटून गेली होती. आणि हे सगळे उघडकीस कुणी आणले? एकेका जिल्हा न्यायालयाच्या नोंदी चाळत बसलेल्या कार्यकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत, पण त्याचा मोठा वाटा नसता तर ते कलम अजूनही ठाण्यात चालत असते.

दुसरे उदाहरण तर त्याहून जुने. 1986 मध्ये पश्चिम बंगालमधल्या विधी सहाय्य संस्थेच्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्रातून 18 डिसेंबर 1996 चा निकाल आला. अटक करताना पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी असावी. जागेवरच अटकेचा मेमो करून त्यावर घरच्या किंवा गावच्या माणसाची सही घ्यावी. नातेवाइकांना कळवावे. दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. अशा एकूण 11 सूचना. त्या प्रत्येक ठाण्यात ठळक जागी लावा, असेही न्यायालयाने सांगितले. आकाशवाणी, दूरदर्शन आणि स्थानिक भाषेतली पत्रके यांतून त्या लोकांपर्यंत न्याव्यात असेही सुचवले. म्हणजे निकाल पोहोचायला हवा, ही चिंता खुद्द न्यायमूर्तींना होती. आज यातल्या बऱ्याच गोष्टी कायद्यातही आल्या आहेत. तरी मध्यरात्री मुलाला जीपमध्ये घातले तर मेमोवर सही मागायची असते, हे किती आईबापांना माहीत आहे?

न्यायालय स्वतः चुकते, तेव्हा राखणदाराची गरज आणखी वाढते. मार्च 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. तिचे नाव देशभर गाजले, पण ते मी इथे लिहीत नाही. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तर्क. ठाण्याच्या दाराला आतून कडी आणि समोर वर्दी असताना पोरीने प्रतिकार कसा करायचा, हा प्रश्न त्या निकालपत्राला पडला नाही. वर्षभराने उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून तो प्रश्न विचारला. ते पत्र छापले गेले, हातोहात फिरले. 8 मार्च 1980 ला मुंबईसह अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. निकाल बदलला नाही. ते आरोपी सुटले ते सुटलेच. पण 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. न्यायमूर्तींचा अवमान न करता त्यांच्या तर्काचे वाभाडे काढता येतात, हे त्या पत्राने आपल्याला शिकवले.

आणीबाणीतला जबलपूर खटला सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल 1976 मध्ये पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले, की स्थानबद्धाला आपली कैद बेकायदा आहे म्हणून न्यायालयात येताच येणार नाही. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी विरोध नोंदवला. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल स्पष्ट शब्दांत पुसला तो 2017 मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात. मात्र जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, ही दुरुस्ती लोकांनी मतपेटीतून सत्ता पालटून 1978 मध्येच संसदेकडून करून घेतली होती. न्यायालयाला त्याच जागी यायला 1976 च्या निकालापासून 41 वर्षे लागली.

महाराष्ट्रातले एक उदाहरण मात्र इतके माहीत नाही. मुंबई राज्याने 1949 मध्ये वाळीत टाकण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द केला. धर्मपंथाला आपला कारभार स्वतः पाहण्याचा हक्क आहे, आणि माणसाला पंथातून काढणे हा त्या कारभाराचाच भाग, असे बहुमत म्हणाले. पंथाचे स्वातंत्र्य जपताना त्या पंथातल्या एकट्या माणसाचे स्वातंत्र्य चिरडले गेले. बोहरा सुधारकांनी किती वर्षे बहिष्कार सोसला असेल, याची कल्पना करा. ज्याच्या प्रेताला खांदा द्यायलाही जातभाई येत नाहीत, त्याला राज्यघटनेतली कलमे काय धीर देणार? पुढे जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मूठमाती अभियान उभारले, वाळीत टाकलेल्या कुटुंबांना बोलते केले, आणि 2016 मध्ये राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. न्यायालयाने बंद केलेल्या वाटेला समांतर अशी ही दुसरी वाट कार्यकर्त्यांनी पायी तुडवून काढली.

इथे कुणी विचारेल, की तुम्ही रस्त्यावरच्या लोकांचे इतके गोडवे गाता, तर रस्ता नेहमी स्वातंत्र्याच्याच बाजूने असतो का? मुळीच नसतो. पालघरच्या त्या मुलींना अटक झाली, ती जमावाच्या दडपणाच्या वातावरणातच. एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोडही झाली. एप्रिल 1985 मध्ये शाहबानो खटल्यात न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीचा पोटगीचा हक्क मान्य केला. त्यावर गर्दी रस्त्यावर उतरली, सरकार नमले आणि तो हक्क आकुंचित करणारा 1986 चा कायदा आला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाविरुद्ध तर लाखांचा मोर्चा निघणे अशक्यच होते. 2013 मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तींची संख्या नगण्य असल्याचे कारण पुढे केले. 2015 मध्ये लोकसभेत बदलाचे खासगी विधेयक मांडायचीसुद्धा परवानगी मिळाली नाही. अशा मूठभरांना न्यायालयावाचून वाली नाही, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी न्यायालयाने ते कर्तव्य बजावले. म्हणून मी गर्दीचा कैवार घेत नाही. माझी फूटपट्टी एकच: जमलेले लोक स्वतःचा हक्क मागताहेत, की दुसऱ्याचा काढून घ्या म्हणताहेत?

ही फूटपट्टी सगळीकडे सोपी पडत नाही. 20 मार्च 2018 रोजी, महाडच्या सत्याग्रहाच्याच तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात ॲट्रॉसिटी कायद्याला वेसण घातली. अटकेआधी मंजुरी हवी, गुन्ह्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल, असे सांगितले. 2 एप्रिलला भारत बंद झाला, त्यात माणसे दगावली. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा पूर्ववत केला आणि 1 ऑक्टोबर 2019 रोजी न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले. न्यायालय आरोपीच्या स्वातंत्र्याचीच काळजी करत होते, असे काहीजण म्हणतील आणि ते खोटे नाही. उठसूट अटक हा कुणासाठीही अन्यायच आहे. पण त्यावरचा उतारा 2014 च्या अर्नेश कुमार निकालात होता. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत कारण नोंदवल्याशिवाय अटक करू नका, असे त्या निकालाने सांगितले होते. तो सर्वांसाठी होता आणि तोही ठाण्याठाण्यांत धूळ खात होता. तो राबवायचा सोडून, ज्या तक्रारदाराला ठाण्याची पायरी चढणेच सगळ्यांत अवघड, त्याच्याच कायद्यापासून सुरुवात करणे मला चुकीचे वाटते. त्या बंदमधली हिंसा मला मान्य नाही. बंदमागची मागणी रास्त होती.

राखण कशी करावी, याचा वस्तुपाठ सफाई कर्मचारी आंदोलनाने घालून दिला आहे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर 1993 मध्येच बंदी आली होती. संघटना 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा आमच्याकडे ही प्रथा उरलेलीच नाही, असा पवित्रा सरकारांनी घेतला. बेझवाडा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्त्यावस्त्यांत फिरून कोरड्या संडासांची छायाचित्रे आणली, टोपली वाहणाऱ्या बायकांची माहिती आणली आणि ती सरकारी दाव्यांसमोर ठेवली. अकरा वर्षे ते हटले नाहीत. दरम्यान 2013 चा नवा कायदा आला. 27 मार्च 2014 च्या निकालात गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला 10 लाख रुपये द्यायचा आदेश झाला. 2023 मध्ये दुसऱ्या एका खटल्यात ती रक्कम 30 लाख झाली. माणसे अजून गटारात गुदमरून मरतात, हे वास्तव आहे. पण आता प्रत्येक मृत्यूनंतर भरपाईचा कागद घेऊन दारात जाणारे, गुन्हा नोंदवा म्हणून ठाण्यात बसणारे कार्यकर्ते अनेक शहरांत आहेत. न्यायालयाला दिसत नव्हते ते त्यांनी दाखवले आणि निकालानंतर ते घरी गेले नाहीत.

असे काम प्रत्येक जिल्ह्यात करता येईल, आणि त्यासाठी नव्या निकालाची वाट पाहायची गरज नाही. डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावा. कोठडीत, व्हरांड्यात, येण्याजाण्याच्या प्रत्येक दारावर. आवाजाचेही रेकॉर्डिंग हवे. चित्रण 18 महिने जपावे, तशी यंत्रणा बाजारात मिळतच नसेल तरी वर्षाच्या आत पुसू नये. इथे कॅमेरे आहेत, अशी पाटी स्थानिक भाषेत दारावर हवी. ज्याला मारहाण झाली त्याने तक्रार केली, तर मानवी हक्क आयोग किंवा न्यायालय ते चित्रण मागवू शकते. कॅमेरे बंद पडलेले वा नसलेलेच, हे दिसल्यावर 2025 मध्ये न्यायालयाला या विषयाची स्वतःहून पुन्हा दखल घ्यावी लागली. या सगळ्यावर नजर ठेवायला जिल्हा पातळीवर एक समिती असावी आणि तिच्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांच्यासोबत महापौर किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख असावा, असेही 2020 च्या आदेशात आहे. म्हणजे आपण निवडून दिलेला माणूस तिथे बसायला हवा.

त्याच्याकडे सभेत, वार्डात, गावात सरळ विचारणा करा. समितीची शेवटची बैठक कधी झाली? जिल्ह्यातल्या कोणत्या ठाण्यात किती कॅमेरे बंद आहेत आणि किती दिवसांपासून? त्याला सांगता आले नाही, तर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा. हा अधिकारही राजनारायण खटल्यात 1975 मध्ये न्यायालयाने बोलून दाखवला आणि राजस्थानातल्या मजुरांपासून महाराष्ट्रातल्या उपोषणांपर्यंत लोकांनी रेटा लावल्यावर 2005 मध्ये देशभर कायदा होऊन हातात पडला. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, आणि तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे.